काठमांडूला जाऊन आलो, काठमांडू राहिले



या सदरात मी एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, घरकुलाचे अडकलेले हप्ते, लग्नातला नसता खर्च असेच विषय घेत असतो. आज स्वतःच्या फजितीबद्दल लिहिणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही गावातली चौतीस माणसे नेपाळला जाऊन आलो. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "काय साहेब, परदेश कसा काय होता?" आणि माणूस पाहून मी निरनिराळे उत्तर देत आलो आहे. कचेरीतल्या साहेबांना एक, पाहुण्यांना दुसरे. एकदा काय ते खरे लिहून टाकावे, म्हणजे सुटलो.

आमच्या पुसेगावच्या (ता. सेनगाव, जि. हिंगोली) विहारात बायकांची एक भिशी चालते. तिचा हिशेब माझ्याकडे. बी.कॉम. झाल्यापासून गावात कुणाचीही वही असो, ती फिरून फिरून माझ्याच ओट्यावर येते. नोव्हेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२५ असे बावीस महिने, दरमहा साडेसातशे रुपये, म्हणजे माणशी सोळा हजार पाचशे. निंदणीची मजुरी दिवसाला तीनशे धरली तर साडेसातशे म्हणजे अडीच दिवस उन्हात वाकणे. तेवीस बायका आणि अकरा पुरुष मिळून पाच लाख एकसष्ट हजार रुपये जमले. ही रक्कम मी एका यात्रा नेणाऱ्या गृहस्थांच्या हवाली केली. त्यांचे नाव येथे देत नाही.

सप्टेंबर महिना आम्हीच निवडला. निंदणी-फवारणी आटोपलेली असते, सोयाबीनची काढणी लागलेली नसते, पावसाळ्यामुळे यात्रेचे दरही उतरलेले असतात. त्यात ईद, अनंत चतुर्दशी आणि रविवार लागून आल्याने माझ्या तीन रजा वाचणार होत्या. कारकुनाचे गणित दुसरे काय असणार!

खरे तर कुशीनगर आणि लुंबिनी एवढीच यात्रा साडेअकरा हजारांत होत होती. काठमांडूसाठी माणशी पाच हजार जास्त होते. बऱ्याच जणांचे म्हणणे होते की ते राहू द्यावे. पण माझी चुलत आत्या ऐकेना. आत्या सत्तरीच्या पुढची, शाळेचे तोंड न पाहिलेली. पण बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या तारखा तिला तोंडपाठ आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. त्यानंतर महिनाभराने, प्रकृती साथ देत नसताना, बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. २० नोव्हेंबरला तेथे बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. म्हणजे परदेशातला त्यांचा हा शेवटचा प्रवास. "शेवटचं जिथं गेले ते गाव एकदा बघायचंय," एवढेच आत्याचे म्हणणे. तिच्या मुलाचा विरोध होता. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस नेपाळात मर्स्यांगदी नदीत कोसळून पंचवीसहून अधिक माणसे गेली होती, ते त्याच्या डोळ्यांपुढे होते. त्याची समजूत मीच घातली. एवढेच नाही, निघण्याआधी विहाराच्या फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले : 'रविवार, दि. २१ सप्टेंबर, सायं. ७ वा. व्याख्यान : बाबासाहेबांनी पाहिलेले काठमांडू.' वक्त्याच्या जागी माझे नाव. जायच्या आधीच भाषण जाहीर करणारा मी पहिलाच असेन.

हिंगोलीहून अकोला, भुसावळला कुशीनगर एक्सप्रेस, गोरखपूर, कुशीनगर, मग सोनौलीची हद्द. इथपर्यंत सारे यथासांग झाले. लुंबिनीत अशोकाच्या स्तंभाजवळ बायका अर्धा तास हलल्या नाहीत. त्याबद्दल पुन्हा कधी लिहीन. एकच गोष्ट तेथे खटकली, ती म्हणजे कुणाचाही व्हॉट्सॲप चालेना. पोरांनी फोन बंद करून पाहिले, चालू करून पाहिले. मग कळले की ४ सप्टेंबरला नेपाळ सरकारने फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप अशी सव्वीस माध्यमे बंद केली आहेत. आम्हाला वाटले, बरे झाले, पोरे जरा इकडेतिकडे बघतील. पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नव्हती.

७ तारखेला पहाटे लुंबिनी सोडली ती रात्री अकरापर्यंत बसमध्येच. घाटात दरड पडून रस्ता दोनदा अडला. त्या रात्री भाद्रपद पौर्णिमा होती आणि खग्रास चंद्रग्रहण होते. ढगांच्या फटीतून तांबडा चंद्र दिसला तेव्हा बसमध्ये एकच गडबड झाली. ग्रहणात खाऊ नये म्हणणारे आमच्यात कुणी नव्हते. उलट त्याच वेळी आत्याने शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी सगळ्यांना वाटली. लॉज गोशाळा भागात होता. अकरा खोल्या, वर मोठी गच्ची.

आता माझी पहिली चूक सांगतो. ८ तारखेला, सोमवारी, सकाळी सहाला निघून आधी स्वयंभू, मग बौद्धनाथ असा बेत होता. म्हातारी माणसे दमली होती, म्हणून मीच आचाऱ्याला म्हणालो, "झोपू द्या सगळ्यांना, दहाला निघू." सहाला निघालो असतो तर स्वयंभूचा स्तूप पाहून झाला असता. दहाला पोहे झाले, साडेदहाला बायका नव्या पांढऱ्या साड्या नेसून बसमध्ये बसल्या आणि ड्रायव्हर म्हणाला, गाडी निघणार नाही, शहरात पोरांचा मोर्चा आहे. आम्ही अर्धा तास बसमध्ये बसून राहिलो. मग उतरलो. काठमांडूत आमची बस त्या जागेवरून हलली ती थेट चौथ्या दिवशी, आणि तीही गावाकडे.

पुढचे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. माध्यमबंदीच्या आणि भ्रष्टाचाराच्या विरोधात शाळा-कॉलेजातली हजारो मुले रस्त्यावर आली. नया बानेश्वर येथील संसदेसमोर गोळीबार झाला. त्या एका दिवसात एकोणीस जण गेले. रात्री सरकारने बंदी उठवली. पण तोवर फार उशीर झाला होता. ९ तारखेला संसद, सिंहदरबार हे सचिवालय, सर्वोच्च न्यायालय पेटले. पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. विमानतळ बंद झाला, तुरुंग फुटले, हजारो कैदी पळाले. रात्री सैन्याने शहर ताब्यात घेतले. एकूण मृतांचा आकडा पुढे सत्तरच्या वर गेला. आमच्या गच्चीवरून हे सारे धुराच्या रूपाने दिसत होते. एक लोट विरायच्या आत दुसरीकडे दुसरा उठायचा. बौद्धनाथाचा पांढरा घुमट आणि त्यावरचा सोनेरी चौथरा गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यातून लहानसा दिसत असे. धूर वाढला की तोही दिसेनासा व्हायचा. काठमांडूत आम्ही पाहिले म्हणायचे तर एवढेच.

बंद लॉजमध्ये चौतीस माणसांचे चार दिवस कसे जातात हे ज्याला कळत नसेल त्याने बाराव्याच्या दिवशी पावसात अडकलेले पाहुण्यांचे घर आठवावे. आचाऱ्याजवळचा शिधा १० तारखेपर्यंतचाच होता. गॅसची टाकी संपत आली म्हणून चहा दिवसातून एकदाच. रक्तदाबाच्या गोळ्या दोघींच्या संपल्या. खिशात पाचशेच्या नोटा होत्या; पण त्या वेळी नेपाळात शंभराच्या वरची आपली नोट चालत नव्हती, आणि चालली असती तरी दुकाने कुठे उघडी होती? शंभराला एकशे साठ नेपाळी रुपये हा पक्का दर मला पाठ होता. त्याचा उपयोग शून्य. घरी मात्र टीव्हीवर आगीच आगी दिसत होत्या. बंदी उठल्यावर व्हॉट्सॲप सुरू झाला आणि चौतीस फोन एकदम वाजू लागले. आत्याचा मुलगा मला जे बोलला ते या कौटुंबिक पानावर छापण्याजोगे नाही. त्याचे चुकले असेही म्हणवत नाही. वकिलातीचा सल्ला एकच होता : आहात तेथेच थांबा, रस्त्यावर येऊ नका. महाराष्ट्रातले शंभराहून जास्त पर्यटक त्या दिवसांत नेपाळात असेच अडकले होते, हे आम्हाला परतल्यावर कळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर भांडण पेटले. आमच्यातले एक निवृत्त गृहस्थ तावातावाने म्हणाले, "ह्या पोट्ट्यांनी आपली यात्रा बुडवली. बावीस महिने पैसे भरले ते काय ह्यांची जाळपोळ बघायला?" दोघातिघांनी री ओढली. प्रामाणिकपणे सांगायचे तर मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. पाच हजार गुणिले चौतीस, एक लाख सत्तर हजार, हा आकडा माझ्या डोक्यात सारखा फिरत होता.

आत्या कठड्याला टेकून बसली होती. म्हणाली, "नामांतराच्या टायमाला आपल्याकडं बी रस्ते बंदच होते की. कुणाची न् कुणाची यात्रा बुडालीच असंल."

तरुण वाचकांसाठी सांगतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. आमचा जिल्हा तेव्हा परभणीच होता. १९७८ साली आत्या विशीत होती, कडेवर मूल होते, आणि आठ दिवस ती दुसऱ्या गावच्या माळावर होती. हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण रस्त्यावरच्या मोर्चामुळे ज्याची एस.टी. चुकली त्या माणसाच्या बाजूने ते मी कधी पाहिले नव्हते. १९९४ पर्यंतच्या सोळा वर्षांत आपल्या मोर्चांनी किती जणांची लग्ने, परीक्षा, दवाखाने खोळंबले असतील! आणि त्यांनीही आपल्याला पोट्टेच म्हटले असेल. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालय जाळणे मला मान्य नाही. कायद्याची कागदपत्रे जळाली तर शेवटी गरिबाचाच दावा बुडतो, हे मी कचेरीत रोज पाहतो. तरी आत्या बोलल्यावर ते भांडण तेथेच मिटले.

लॉजवर एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा सामान उचलणे, पाणी भरणे अशी कामे करीत असे. पहिल्या दिवशी त्याला नाव विचारले तर त्याने पहिलेच नाव सांगितले. आडनाव विचारले तर हसून निघून गेला. ती तऱ्हा मला ओळखीची वाटली. भाड्याची खोली शोधताना औरंगाबादेत मीही तसाच हसत असे. ९ च्या रात्री आमच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावलेला पाहून तो दारातच थांबला. मग आपणहून म्हणाला, "म विश्वकर्मा." म्हणजे लोहारकाम करणाऱ्यांपैकी, नेपाळातल्या दलितांपैकी. जंगबहादूर राणाच्या १८५४ च्या मुलुकी ऐनाने तेथे शिवाशिव कायद्यातच लिहून ठेवली होती. ती कायद्यातून निघाली, खोल्यांच्या दारांवरून पुरती निघालेली नाही. त्याचा एक मित्र संसदेसमोर पायाला गोळी लागून इस्पितळात होता. मी विचारले, "फेसबुकसाठी एवढे?" तो मोडक्या हिंदीत म्हणाला की फेसबुक हे निमित्त. मंत्र्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या मुलांचे परदेशवारीचे, महागड्या पिशव्यांचे आणि घड्याळांचे फोटो मुलांनी एकत्र करून सगळीकडे पाठवले होते. त्याच वेळी त्याचा थोरला भाऊ मलेशियात रखवालदार होता, आणि बाप कतारला जाऊन पाठ मोडून आला होता. "वो घूमने जाते हैं, हम बेचने जाते हैं खुद को," असे काहीसे तो बोलला.

परदेशवारीचे फोटो! आमच्यातल्या निम्म्या लोकांचे फोन आदल्या तीन दिवसांत तसल्याच फोटोंनी भरले होते. अर्थात निंदणीच्या पैशाची परदेशवारी आणि लाचेची परदेशवारी यांत फरक आहे, हे मला समजते. पण त्या मुलाला आम्ही कसे दिसत असू, हा विचार मनात आला खरा. एका बाईने त्याला आपल्या डब्यातले शेवटचे दोन लाडू दिले. त्याने एक तेथेच खाल्ला आणि एक मित्रासाठी बांधून घेतला.

१२ तारखेला पहाटे संचारबंदी शिथिल असताना निघालो. त्याच दिवशी रात्री माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी अंतरिम पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. ही बातमी हद्द ओलांडल्यावर सोनौलीला चहाच्या टपरीवर कळली. बसमध्ये टाळ्या पडल्या. परतीचे ११ तारखेचे आरक्षण बुडालेच होते. गोरखपूरहून भुसावळपर्यंत निम्मी माणसे जनरलच्या डब्यात दाराशी बसून आली.

गावी आल्यावर हिशेबाला बसलो. यात्रा नेणाऱ्या गृहस्थांनी करारपत्र पुढे केले. त्यात कलम होते : 'दैवी आपत्तीमुळे कार्यक्रमात बदल झाल्यास रक्कम परत मिळणार नाही.' मी म्हणालो, "गोळीबार ही दैवी आपत्ती कशी? आणि दैव तर आम्ही मानतच नाही." ते म्हणाले, "साहेब, सही तुमचीच आहे." सही माझीच होती. दुसऱ्यांच्या अर्जातले एकेक अक्षर तपासणाऱ्या माणसाने पाच लाख एकसष्ट हजारांच्या कागदावर न वाचता सही केली होती. ही माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. शेवटी न झालेले स्थलदर्शन, प्रवेश शुल्क, न दिलेली जेवणे असे मुद्दे एकेक करून मांडले. दीड महिना खेटे घातले. माणशी चौदाशेप्रमाणे सत्तेचाळीस हजार सहाशे रुपये पदरात पडले. जादा दोन रात्रींचे लॉजचे सतरा हजार सहाशे आमचे आम्ही भरले होते, ते गेले ते गेलेच. जाणाऱ्यांनी एवढे तरी करावे : करारात दंगल, संचारबंदी, रस्ता बंद यांबद्दल काय लिहिले आहे ते वाचून मगच पैसे द्यावेत, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र अंगावर बाळगावे, औषधे ठरल्यापेक्षा आठ दिवसांची जास्त घ्यावीत. आणि जे पाहायला म्हणून निघालो ते पहिल्या सकाळीच पाहून घ्यावे.

आता २१ तारखेचे भाषण. फळ्यावरचे अक्षर पुसायचा धीर झाला नाही. दोन पुस्तके उलगडून टिपणे काढली. विहार भरला होता. मी १९५६ ची परिषद सांगितली, इथवर ठीक होते. मग स्वयंभूच्या साडेतीनशेवर पायऱ्या, वरून दिसणारे खोरे, चारही दिशांना पाहणारे ते डोळे असे रंगवून सांगू लागलो. बोलण्याच्या भरात तोंडून निघाले, "पायऱ्या चढता चढता आम्हाला धाप लागली." पुढच्या रांगेतून शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंचा आवाज आला, "भाऊ, आपुन कवा चढलो वो?"

आधी चार-सहा बायका हसल्या, मग सगळा विहार हसला. मी टिपणे घडी करून खिशात घातली आणि झाले तसे सांगितले. लॉज, गच्ची, धूर, आचारी, न वाचलेले कलम. मधे मधे बायका दुरुस्त्या करीत होत्या. ते भाषण पाऊण तास चालले. एकाने विचारले, "मग पैसे वायाच गेले म्हणा की." काठमांडूपुरते गेले, असे मी उत्तर दिले. आत्याने मान हलवली. त्या माणसाचे समाधान करण्यासाठी मीही काही बोललो नाही आणि तीही बोलली नाही.

त्याच आठवड्यात पावसाने घात केला. मराठवाडाभर शेते पाण्याखाली गेली, आमच्याकडेही काढणीला आलेले सोयाबीन सडले. चौदाशे रुपये हातात पडले तेव्हा बहुतेक बायकांनी ते हरभऱ्याच्या बियाण्यात घातले. भिशी तूर्त बंद आहे.

आत्याचे चौदाशे मात्र अजून माझ्याकडेच आहेत. द्यायला गेलो तर म्हणाली, "राहू दे वहीत." कशासाठी ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. वहीत तिच्या नावापुढे 'शिल्लक पुढे' असे लिहून ठेवले आहे.